रस्त्यानं केलेली खिचडी
हिंगाचा वास आला की गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून केलेली आमची पहिली सहल आठवते. यांच्या ऑफिसातल्या मित्राची ती कॅरॅव्हॅन. तिच्या कपाटाला कडी लावायची असते हे मला काय ठाऊक? घरच्यासारखेच स्टीलचे डबे मी रचून ठेवले. रास अल खैमाच्या किनाऱ्यावर दार उघडलं, तर तांदूळ, मूगडाळ, हिंग, सगळं गादीवरच्या चादरीत एक झालेलं. शारजापासून स्टिअरिंग आवळून घामाघूम झालेले हे म्हणाले, "खलास! परत जाऊ." मुलगी रडवेली झाली, "बट वी जस्ट केम!" मी चादर गोळा केली. "निम्मा स्वयंपाक रस्त्यानंच केलाय. तुम्ही फक्त पाणी ठेवा." समुद्राकडे बघत आम्ही पातेलं संपवलं. अजूनही घरात काही बिनसलं की हे आधी उठून गॅसवर पाणी ठेवतात.