वर्गातली सगळ्यात मोठी मुलगी

माझी आई नोकरी करायची आणि मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं, म्हणून तिनं मला वेळेआधीच शाळेत घातलं. नेरे गावाहून येणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं नेमकं उलटं झालं. धाकट्या भावाला सांभाळायला ती घरी राहिली आणि तो पहिलीत जायच्या वयाचा झाला तेव्हा दोघांचं नाव एकदमच घातलं. त्यामुळे पनवेलच्या आमच्या शाळेत पाचवीचा वर्ग भरला, तेव्हा त्यात सगळ्यात लहान मी होते आणि सगळ्यात मोठी ती.

मी मधल्या सुट्टीत रडत बसायचे म्हणून बाईंनी मला तिच्या शेजारी बसवलं. ती माझ्या डब्याचं घट्ट झाकण उघडून द्यायची, सुटलेली वेणी घालायची. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट असायची. माझ्या पोळी-जॅमच्या बदल्यात ती मला अर्धी भाकरी द्यायची. शाळा सुटली की एसटी स्टँडजवळच्या गर्दीत माझा हात धरून रस्ता ओलांडायची. वर्गात तिला सगळे ताई म्हणत आणि ते तिला आवडत नसे. मीही ताईच म्हणायचे. माझं मात्र तिला चालायचं.

सातवीत ती एकदम उंच झाली. एकदा नव्या सरांना वाटलं, दहावीतली मुलगी काही निरोप घेऊन आली आहे. त्यांनी तसं विचारल्यावर सगळा वर्ग हसला, तिचा भाऊसुद्धा. त्या दिवसापासून ती पोक काढून बसायला लागली.

आठवीत खेळाच्या सरांनी तिला कबड्डीत घेतलं. वयाच्या हिशोबानं तिचा गट नववी-दहावीच्या मुलींचा होता. शाळेमागच्या मैदानाच्या कडेला तिची ओढणी मांडीवर घेऊन मी बसायचे आणि बघत राहायचे. तिथं ती ताठ उभी राहायची, मोठ्यानं हसायची, पंचांशी भांडायचीसुद्धा. त्या मुली तिला नावानं हाक मारायच्या. ते वर्ष तिच्या शाळेतलं सगळ्यात आनंदाचं असावं.

पुढच्या वर्षी त्यातल्या बहुतेक जणी कॉलेजात गेल्या आणि ती पुन्हा एकटी पडली. नववीला ती गणितात नापास झाली. भाऊ पास झाला. तिचे वडील शाळेत येऊन म्हणाले, एक वर्ष गेलं तर जाऊ दे, पोरीला परत बसवा. पण तिनंच नाही म्हटलं.

नेऱ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. एकच वर्ष तर आहे, असं मी तिला समजावत होते.

"तुला एक वर्ष वाटतंय," ती म्हणाली. "तू पुढं जाशील, भाऊ पुढं जाईल. आणि मी तुज्याहून लहान पोरींत बसू? मला आदीच उशीर झालाय."

गाडी आली आणि ती चढली. जूनमध्ये माझ्या शेजारी दुसरी मुलगी बसायला आली. चांगली होती, पण कित्येक दिवस मी डबा एकटीच खाल्ला.

तिचं लग्न जवळच्याच गावात झालं. नवरा-बायकोनं रस्त्याच्या कडेला रोपांची नर्सरी काढली. मी कुंड्या घ्यायला जायचे आणि तासभर बोलत बसायचे. शाळेचा विषय ती काढत नसे. मग दोन वर्षांपूर्वी तिनं आपणहून सांगितलं की बाहेरून दहावी देता येते, पनवेलात बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग आहे, आणि पहिल्या दिवशी तू माझ्याबरोबर ये.

आम्ही दारात थांबलो. आत एक पिकल्या केसांच्या बाई वह्या लावत होत्या. एक जण मांडीवर बाळ घेऊन बसली होती. कोपऱ्यात दोन कोवळ्या मुली होत्या. तिनं सगळ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"इथं मी मदलीच हाय गं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.

गणितात ती काठावर पास झाली. निकालाच्या दिवशी तिचा भाऊ पेढे घेऊन नर्सरीत आला होता. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं त्यानंच सांभाळली. आता तिची बारावी चालू आहे. फोन केला की आधी ती इतिहासातलं काहीतरी सांगते, घरचं नंतर.