बोटभर वीर आणि आम्ही तिघे

किस्से कुणी जमवत नाही. तलावाचे पाणी ओसरले की तळाशी रुतलेल्या वस्तू एकेक करून उघड्या पडतात. तशी मंडळातली माणसे ओसरली की किस्से दिसू लागतात. आमचे मंडळ तिघांचेच, त्यामुळे ओसरायला फार काळ लागला नाही.

जवाहरनगरला शेंडे यांच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी दुपारी आम्ही महानायकांचे युद्ध खेळत असू. चौकटींचा पट, दोन फासे आणि बोटभर उंचीचे प्लास्टिकचे वीर. प्रत्येकाच्या पायाखाली एक डायल. जखम झाली की ती एक घर फिरवायची. बळाचे आकडे उतरत जातात आणि ते संपले की वीर पटाबाहेर. हे सारे वीर शेंडे यांनी वर्षानुवर्षे जमवलेले. ते कारखान्यात नोकरीला. पटले सिहोऱ्याचे, धानाचे शेतकरी आणि व्यापारी. मी जवळच्याच शहापूरचा, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, घरी एकटा. एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत माझे बोलणे दूधवाल्यापुरतेच.

*

वीरांच्या शक्तींची नावे इंग्रजीत छापलेली. मला ते रुचेना. मी प्रत्येक शक्तीला मराठी नाव दिले आणि चाल करण्यापूर्वी ते पूर्ण उच्चारावे असा नियम केला. ‘दूरस्थशत्रुस्तंभन’ हे नाव मला विशेष साधले होते. पटल्यांनी आठवडाभर सहन केले. मग म्हणाले,

“मास्तर, तुमचं नाव सांगून होईपर्यंत माया माणूस मरून जाते.”

*

पटाच्या मधोमध हिरव्या चौकटी होत्या. नियमाप्रमाणे तिथून जायला कोणतीच आडकाठी नाही. पटले मात्र आपल्या वीरांना कडेकडेने, लांबचा वळसा घालून नेत आणि वाटेतच मार खात. शेंडे यांनी एकदा न राहवून विचारले की सरळ काहून जात नाही. पटले चकित झाले.

“धान रोवलेल्या बांधीतून कोणी चालते काय?”

पुढच्या रविवारी माझ्या ध्यानात आले की आम्हीही वळसा घालू लागलो आहोत.

*

दसऱ्याला शेंडेवहिनींनी घरातली शस्त्रे पुजायला काढली. विळी निघाली, सुतारकामाची पेटी निघाली. नवऱ्याचे शस्त्र कोणते, हे शोधता शोधता त्यांना वीरांचा डबा सापडला. त्यांनी सगळ्यांना ओल्या हळदीकुंकवाची बोटे लावली. बाकीचे पुसून निघाले, पण एका वीराच्या डायलमध्ये हळद शिरून घट्ट बसली. कितीही जखमा होवोत, आकडे जागचे हलेनात. त्याला खेळातून काढावे असे मी सुचवले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या,

“राहू द्या ना, भाऊजी. एक तरी टिकते तुमच्यात.”

*

पटल्यांना डायलवरचे बारीक आकडे दिसेनासे झाले, हे त्यांनी बरेच दिवस कळू दिले नाही. मग त्यांचे आकडे शेंडे वाचू लागले. शत्रूचेच आकडे, पण इतके प्रामाणिकपणे वाचत की स्वतः हरत. एका रविवारी पटल्यांनी आपले वीर नीट डब्यात ठेवले.

“दुसऱ्याच्या डोळ्यानं किती दिवस लढू?” एवढेच म्हणाले. त्यानंतर ते आले नाहीत.

*

मग शेंडे यांची बदली झाली, थेट दक्षिणेत. डबा आणि पट माझ्याकडे ठेवून गेले. खिशात दोन फासे तेवढे नेले. पुढचे दोन रविवार मी दुकानातून आणलेल्या फाशांनी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळून पाहिले. स्वतःवर दबा धरता येत नाही.

तिसऱ्या रविवारी शेंडे यांचा फोन आला. ते तिकडून चाल सांगत, मी इकडे वीर हलवी आणि दोघांचेही फासे टाकी. ते सलग तीन रविवार हरले. त्याच्या पुढच्या रविवारी फोन उशिरा आला, आवाज थकलेला.

“सर, हरायलेच फोन लावून राहिलो मी.”

हा फोन बंद झाला तर पुढे काय, हे मला नेमके ठाऊक होते. फाशांची बेरीज मोठी आली की वार लागतो, पण दोन एक्के पडले की वार करणाऱ्याचीच डायल एक घर फिरते. त्या दिवशी शेंडे यांच्या वाट्याला दोन एक्के पडले. मी “अकरा” म्हणालो. आयुष्यभर एका अनुस्वारासाठी मुलांना अडवणारा मी, अकरा म्हणालो. पुढे तीन महिने शेंडे जिंकत राहिले आणि फोन वेळेवर येत राहिला.

मग एका रविवारी ते म्हणाले, “सर, तीन महिने झाले, माया फाशावर एकडाव दोन एक्के नाई पडले.”

मी हातातले फासे पटावर ठेवले.

“आजपासून माये फासे मी इथंच टाकतो. तुम्ही फक्त डायल फिरवा.”

स्टीलच्या ताटलीवर फासे पडल्याचा आवाज आला.

“दोन एक्के,” शेंडे म्हणाले. मी त्यांच्या वीराची डायल एक घर फिरवली आणि माझी चाल केली.

ताटली पुन्हा वाजली. “दोन एक्के, सर.”

मी डायल फिरवली. माझी चाल झाली. तिसऱ्या वेळी ताटली वाजलीच नाही.

“दोन एक्के,” शेंडे म्हणाले.