ताई माझ्या खांद्याला लागते

माझी थोरली बहीण माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आणि चांगली वीतभर बुटकी आहे. दोघी शेजारी उभ्या राहिलो की तिचा माथा कसाबसा माझ्या खांद्याच्या वर येतो. लोक विचारतात, "सख्ख्या बहिणी? खरंच?" सख्ख्या म्हणजे एका आईच्या आणि एका बापाच्या. फरक एवढाच, की ती डोंगरावर वाढली आणि मी खाली बिरवाडीत.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डांबरी रस्ता संपल्यानंतर दीड तासाच्या चढावर. घरटी तीन-चार म्हशी. दूध काढायचं, किटलीत भरायचं आणि डोक्यावर घेऊन खाली विकायला उतरायचं. मागे राहायची नाचणीची भाकरी आणि आंबील. म्हशीवाल्याच्या घरात दूध प्यायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. पाहुणा आला तरी चहा कोराच.

ताई नऊ वर्षांची असताना दिवसभर म्हशींमागे फिरून संध्याकाळी घरी आली आणि चरवीला तोंड लावून तिनं दूध प्यायलं. मी तेव्हा दोन वर्षांची होते, मला त्यातलं काही आठवत नाही. हे तिनंच मला सांगितलं, आणि तेही एकदाच. ओठांवरचा फेस पुसायच्या आत आबा, आमचे वडील, दारात आले. त्यांनी म्हशी हाकायची काठी घेतली. पहिला वार पाठीवर, दुसरा पोटऱ्यांवर, आणि तिसरा तोंडावर येतोय असं पाहून तिनं डावा हात आडवा धरला. मनगट मोडलं. खाली दवाखान्यात कुणी नेलं नाही. चुलत्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं ते वाकडंच. अजूनही भाकरी थापताना तिचा तो हात बाहेरच्या बाजूला जातो.

त्याच्या पुढच्या वर्षी आबांना महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम लागलं. आम्ही बिरवाडीत एका खोलीत राहायला आलो. आम्ही म्हणजे आबा, आय आणि मी. म्हशींकडे बघायला कुणीतरी हवं, म्हणून ताई वर चुलत्याकडे राहिली. झऱ्यावरून पाणी, रानातून लाकडं, गोठ्यातलं शेण. वाढायच्या वयात तिच्या डोक्यावर सतत काही ना काही ओझं होतं. दर पावसाळ्यात तिला जुलाब लागायचे आणि आठवडाभर ती नुसतं मीठपाणी पिऊन पडलेली असायची.

मला बिरवाडीत नळाचं पाणी मिळालं, शाळेतली खिचडी मिळाली. आय सकाळी पिशवीतलं दूध घेऊन गरम करून मला द्यायची. आणि आबा, तेच आबा, कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांच्या ताटात आलेलं उकडलेलं अंडं रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे. "खा, आणि उंच हो," म्हणायचे. माझ्यावर त्यांनी कधी बोटही उचललं नाही. ताईची गोष्ट कळल्यावर मी कितीतरी दिवस ही दोन माणसं एकमेकांना जोडून बघत होते. जुळत नव्हती.

ताईचं लग्न अठराव्या वर्षी शेजारच्याच वाडीत झालं. सात वर्षांनी तिला दिवस गेले. त्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मी नर्सिंगच्या शिक्षणासाठी बाहेर होते. दोन दिवस ती घरात कळा देत होती. "आमी काय दवाखान्यात बाळंत झालो?" असं सासू म्हणत राहिली. तिच्या कंबरेचं हाड लहान, मूल अडकलं. तिसऱ्या दिवशी मेलेला मुलगा बाहेर आला. बाराव्या दिवशी नवऱ्यानं तिच्या कमरेत लाथ घातली, कारण चूल पेटवायला तिला उशीर झाला होता. हे मला शेजारच्या बाईकडून कळलं. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "आता बरी हाय गो मी. तू परीक्षा दे."

पुढे मी आरोग्यसेविका झाले. महाडजवळच्या एका उपकेंद्रात माझी नेमणूक झाली. गरोदर बाई आली की पहिलं काम तिची उंची आणि वजन. एकशे चाळीस सेंटीमीटरच्या खाली उंची असली की कार्डावर लाल खूण करायची: जोखमीची माता, हिचं बाळंतपण घरी नको. रजिस्टर भरता भरता मला गावं ओळखू यायला लागली. लाल खुणा वाड्यांवरून खाली आलेल्या बायांच्या नावापुढे जास्त. बिरवाडीत वाढलेल्या त्यांच्याच भाच्या, पुतण्या मात्र खांबासारख्या सरळ. आमच्या भागात म्हणतात, डोंगरातली माणसं बुटकीच असतात, चढायला बरी. मी हे ऐकलं की मनाशी म्हणायचे, रक्तातच बुटकेपणा असता तर मी कुठून आले असते?

त्या दरम्यान ताईच्या नवऱ्यालाही वसाहतीत ड्रम उचलायचं काम लागलं आणि ती दोघं बिरवाडीत भाड्यानं राहायला आली. ताईला पुन्हा दिवस गेले. पाचव्या महिन्यात मी हट्टानं तिला उपकेंद्रात बोलावलं. भावोजी पहिल्या पाळीचं काम करून तिच्याबरोबर आले. अंगाला कारखान्याचा आंबूस वास आणि तोंडाला दारूचा.

बाहेर बाकावर चार-पाच बाया बसल्या होत्या. मी ताईला उंचीच्या लोखंडी दांड्याला पाठ लावून उभं केलं. एकशे अडतीस. कार्डावर लाल खूण केली आणि सांगितलं, "महाडला नाव घालू. शस्त्रक्रिया करावी लागेल बहुतेक. या वेळी घरी नको."

"म्हंजे पोट फाडनार?" भावोजी उठले. "मला ही आशी खोट असलेली गळ्यात मारली तुमी लोकांनी. पयला पोरगा खाल्ला हिनं."

"खोट नाही तिच्यात. तिला खायला मिळालं नाही, म्हणून वाढली नाही."

"मग तू कशी येवडी वाढलीस? येकाच आयचं दूध पिलात ना दोघी?"

उत्तर ताईनं दिलं. ती दांड्यापाशीच उभी होती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तिला दूध मिळालं. मला काठी मिळाली."

भावोजींची मूठ तिच्या मानेवर बसली. ती वजनकाट्यावर आपटली, कपाळ फुटलं. पोट वाचवायला तिनं दोन्ही हात खाली घेतले होते, म्हणून तोंडावरच पडली. भावोजींनी पाय मागे घेतला. ती लाथ कुठे बसणार ते मला दिसत होतं.

त्या दांड्याचा वरचा भाग सैल होता, नेहमी निघायचा. तो माझ्या हातात कधी आला ते मला सांगता येणार नाही. पहिला फटका मी त्यांच्या खांद्याजवळ मारला. काटकी मोडल्यासारखा आवाज झाला आणि ते गुडघ्यावर बसले. लाथ चुकली. इथे मी थांबायला हवं होतं. दुसरा फटका पाठीवर मारला. तिसरा मारला तेव्हा ते जमिनीवर पडलेले होते आणि एका हातानं डोकं झाकत "नको, सिस्टर, नको" म्हणत होते. आपल्या मेहुणीला ते सिस्टर म्हणत होते. मला त्या क्षणी आनंद होत होता. हे मी चौकशीत सांगितलं नाही. इथे लिहिते आहे.

बायांनी मला मागे ओढलं. मी श्वास घेत उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की भावोजी पडलेल्या जागी केवढे लहान दिसतायत. उभे असतानाही ते माझ्या भुवयांपर्यंतच यायचे. तेही त्याच डोंगरावर वाढलेले, त्याच आंबिलीवर. माझ्या हातात ताकद होती ती कुणाच्या तरी ताटातल्या अंड्यांची होती, आणि मारायची रीत मला घरातच मिळालेली होती.

ताईच्या कपाळाला चार टाके मीच घातले. भावोजींना रिक्षानं महाडला नेलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं. पोलीस आले. बाकावरच्या बायांनी एका तोंडानं सांगितलं, "आदी त्यानं मारलं." नोंद दोन्ही बाजूंची झाली. मला नोटीस आली आणि पुढे दूरच्या उपकेंद्रात बदली झाली. आमच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून शांतपणे विचारलं, "एकच मारला असता, तर मी तुमच्या बाजूनं लिहिलं असतं. बाकीचे दोन कशासाठी?" मी म्हणाले, "माहीत नाही, सर." ते खोटं होतं.

मारामारी झाली त्याच संध्याकाळी मी ताईला घेऊन बिरवाडीच्या खोलीवर गेले. आबा तेव्हा कामावरून कायमचे घरी बसलेले होते. छाती गेली होती, दोन वाक्यांत एकदा खोकायचे. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"जावयावर हात टाकलास?" ते मला म्हणाले. "बाईमाणसानं? आणि तू," ताईकडे वळून, "तू उलट बोललीस कशाला?"

ताईच्या कपाळावरची पट्टी लाल झाली होती. ती खाली बसली आणि डावा हात तिनं आबांच्या मांडीवर ठेवला, वाकडं मनगट वर करून.

"आबा, मी त्या दिवशी किती दूध प्याले, तुमाला म्हायत हाय? दोन घोट. तिसरा घ्यायच्या आदीच तुमी आलात."

आबा तो हात बघत राहिले. मग म्हणाले, "तुमाला पाजलं आसतं, तर घरात मीठ कुठनं आलं आसतं?" आवाजात पश्चात्ताप नव्हता. खरोखरच उत्तर हवं असल्यासारखा प्रश्न होता तो.

मी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात स्टोपाशी बसलेली आय, पाठ आमच्याकडेच ठेवून, म्हणाली, "काठी मी आणून दिलेली."

तिनं स्टो बंद केला.

"त्यांनी हातानं मारायला घेतलं व्हतं. मीच गोठ्यातनं काठी आणली. तेवडंच दूध व्हतं त्या दिवशी गो. येक म्हस आटलेली." आय मग उठली आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. दोन्ही हातांनी, जोरात, एकामागून एक. ताईनं तिला धरलं, पण ताईचा हात तिथवर नीट पोचेना. मग मी धरलं. आयच्या ओठातून रक्त आलं होतं. आबा भिंतीकडे तोंड करून खोकत राहिले.

ताई बाळंतपणापर्यंत आमच्याकडेच राहिली. महाडला शस्त्रक्रिया झाली, मुलगी झाली, रडली, जगली. आयनं त्या चार महिन्यांत ताईला रोज सकाळी पेलाभर दूध दिलं. ताई ते निमूटपणे प्यायची. एकदा मला म्हणाली, "मला दुधाचा वास सोसत नाय आता. पन आयला बरं वाटतं."

ती नवऱ्याकडे परत गेली नाही. गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीत, एका ओळखीच्या बाईच्या जेवणाच्या टपरीवर तिला काम मिळालं, पुढे ती तिथेच खोली घेऊन राहिली. भावोजींचं हाड नीट बसलं नाही. ड्रम उचलता येईनात, काम गेलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. रोपवेला तोबा गर्दी होती. अकराच्या सुमाराला भावोजी आले. प्यायलेले नव्हते. मी उठून उभी राहिले आणि माझ्या हाताला काय लागतंय ते शोधायला लागले. समोर पाट्याचा वरवंटा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

ताईनं त्यांना कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं. पिठलं, भाकरी आणि कांदा दिला. मोडलेल्या बाजूचा हात मांडीवर तसाच ठेवून ते जेवले. मुलीकडे बराच वेळ बघत बसले. ती त्यांना ओळखत नव्हती. जेवण झाल्यावर ताई म्हणाली, "आता निघा. दुपारची गाडी मिळंल." आणि ते गेले.

मी तिच्यावर भडकले. "ह्याला जेवायला घातलंस? ह्यानं तुला काय केलं, विसरलीस?"

"इसरले नाय." ती पिठाचा हात झटकत म्हणाली. "पन तुला बघून तो कसा मागं सरला ते बघितलंस? आबांना बघून मी तशीच सरायची."

अजूनही त्या माणसाची मला कीव येत नाही, आणि तिनं म्हटलेलं खोटं आहे असंही म्हणता येत नाही. तेवढ्यात गडावरून उतरलेली शाळेची सहल टपरीवर येऊन थडकली. पन्नास-साठ पोरं, सगळी भुकेली. ताईनं माझ्याकडे कांद्याची टोपली सरकवली आणि म्हणाली, "बस खाली. चिर भराभर."