बुकेल्वा, उभी राहा

खन्यिस्वाची आई गेली ती ईस्ट लंडन या बंदराच्या शहरातल्या दवाखान्यात, घरापासून लांब. असं परक्या ठिकाणी मेलेलं माणूस आपणहून घरी येत नाही, त्याला आणावं लागतं. म्हणून वेलिलेकाका काटेरी रानबोरीची फांदी घेऊन गेले, ती तिच्या खाटेला टेकवली आणि वाटभर मेलेल्या भावजयीशी बोलत तिला घरी आणू लागले. टॅक्सीत शेजारची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. "नोफानेले, पूल आला बघ. नोफानेले, आता म्डान्त्साने आलंच, आपलं घर." फांदी अंगणात ठेवली, बोकड कापला, मक्याची बिअर झाली, लोक जेवून गेले. आई मात्र आली नाही.

हे खन्यिस्वाला कळलं तालमीत. चर्चमागच्या हॉलमध्ये ती आणि तिच्या तिघी मैत्रिणी नाच बसवत होत्या. लग्नाकार्यातला नाच नव्हे, नव्या वळणाचा. एकीनं आईची कवनं म्हणायची आणि बाकीच्यांनी ती अंगानं बोलायची. म्हातारी मका भरडताना, शेत खुरपताना कवनं रचायची. सासूला टोमणे, जावांना चिमटे, आणि मधेच असं काही की ऐकणारीचा घास घशात अडकावा. त्यातलीच एक ओळ होती, "बुकेल्वा, उभी राहा, खोऱ्याला दिसू दे." बुकेल्वा म्हणजे पाहत राहावी अशी. त्या ओळीवर चौघी जागच्या जागी ताठ उभ्या राहायच्या. आणि चौघी थांबल्या की मागं पाचवं पाऊल वाजायचं. अनवाणी, जड, टाच घासत चालणारं, आई चालायची तसं.

"घूस असेल," तिघींतली झुकिस्वा म्हणाली.

"घुशीला संधिवात असतो का गं?" खन्यिस्वा म्हणाली. सगळ्या हसल्या खऱ्या, पण हॉलला कुलूप लावायला शेवटी थांबायला कुणी तयार होईना.

खन्यिस्वाला अन्न गोड लागेना. आई दवाखान्याच्या पायरीवर बसलीय आणि न्यायला कुणी येत नाही, हे डोळ्यांपुढून हलेना. शेवटी ती काकांकडे गेली.

"काका, ती घरी आलेली नाही."

"आली नाही काय? मी स्वतः आणली! जन्मात एका हाकेला कधी आली नाही बया, पण मेल्यावर तरी ऐकलंच असेल की."

तेही खरंच होतं. नोफानेले, नोफानेले करून घसा कोरडा पडला की मग म्हातारी मान वर करायची.

पुढच्या आठवड्यात गावाकडून आईची धाकटी बहीण आली आणि तालीम बघायला हॉलमध्ये बसली. ती ओळ आली, पाऊल वाजलं, आणि मावशी ताडकन उठली. "अगं कार्ट्यांनो, मेलेल्या बाईला नावानं हाका मारता आणि वर घाबरता होय?"

"कुणाचं नाव, मावशी?"

"तुझ्या आईचं! बुकेल्वा. आमच्या बानं ठेवलेलं. नोफानेले हे सासूनं लग्नात दिलेलं. कागदावरचं एव्हलिन मिशनच्या बाईंचं. त्या नावांना ती नुसती ओ द्यायची."

सुनेचं माहेरचं नाव सासरी कुणी तोंडातून काढत नाही, हे खन्यिस्वाला ठाऊक होतं. पण ही चाळिशी उलटलेली बाई, आणि आईचं नाव साधा शब्द समजून त्यावर नाचत होती! आई कवनात स्वतःलाच हाक मारत होती, आणि हिनं कधी ओळखलं नाही.

काकांनी ऐकलं आणि ते भडकले. "खबरदार त्या नावानं बोलावशील तर! त्या नावाला तिच्या बापाचंच अंगण माहीत आहे. ती तिकडं जाईल, कायमची. मग पोरं तापानं फणफणली की कुणाला साकडं घालशील? आणि माझा भाऊ इथं मातीत एकटा पडलाय, त्याचं काय?"

काका खोटं बोलत नव्हते, तिथंच तर गोची होती. खन्यिस्वाला आई हवी होती हो! टाच घासत का होईना, पाठीशी हवी होती.

प्रयोगाला हॉल गच्च भरला. ती ओळ म्हणायची पाळी झुकिस्वाची होती. खन्यिस्वानं तिला हातानं थांबवलं, लोकांकडे पाठ फिरवली आणि उघड्या दाराकडे तोंड करून स्वतः ओरडली, "बुकेल्वा! ऊठ त्या पायरीवरनं. उभी राहा, आई. बुकेल्वा, घरी जा!"

चौघी थांबल्या. मागं या वेळी पाऊल वाजलं नाही. खन्यिस्वा कान देऊन उभी राहिली, आणि मग तिनं नाच पुरा केला.

काका आत आलेच नव्हते. ते बाहेर काठीवर रेलून उभे होते.

"आली?"

"तालमीला यायची. आज नाही आली."

"मग? कुठाय?"

खन्यिस्वानं पाठोपाठ बाहेर आलेल्या मावशीच्या शालीत तोंड खुपसलं. लहान पोरीसारखी ती हमसून हमसून रडत होती.

"माहेरी गेली, काका. माझ्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं."