धुतलेली रताळी

रताळं हातात घेतलं की ती आधी मोडायची, मग बोलायची. "चीक सुटून राहिला आप्पा, कालच काढलेलं हाय. आठ दिस पडू द्या, मंग गोड होतंय." मोडलेले तुकडे माझ्याच ढिगावर टाकायची. नुकसान माझं, शहाणपण तिचं.

लातुरात मुलींच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकीण होती, मूळची जळकोटकडची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं चुकत नाही, म्हणूनच ती डोक्यात जातात.

लातूर नवा जिल्हा झाला आणि मागोमाग दुष्काळ आला. भाजी मिळेना, नदीकाठच्या मळ्यांतून रताळी तेवढी यायची. मावशीनं त्यांच्यावर वसतिगृह तगवलं. सालीसकट उकडून, चुलीतल्या आरात भाजून, किसून दाण्याच्या कुटात परतून. कोवळ्या पानांचीही भाजी करायची. "पाला डोळ्याला बरा, अन् कंद लई येळ पोट धरतोय," म्हणायची.

मी हातगाड्यावरून गाळ्यापर्यंत आलेला माणूस. नव्या कचेऱ्यांतल्या साहेबांना स्वच्छ माल आवडतो, हे मी हेरलं. टँकरचं पाणी घेऊन चार पोती रताळी धुतली. लालचुटूक झाली. पहिली वसतिगृहाच्या दारात नेली.

मावशीनं हातही लावला नाही. "धुतलं की सडतंय, एवढं बी ठावं न्हाई? माझ्या पोरी तांब्याभर पाण्यात तोंड धुऊन राहिल्या, अन् हा बाबा कंदाला आंघोळ घालतोय!"

मुली हसल्या, रस्त्यावरचे दुकानदार हसले. महिनाभर बाजारात मला कुणी रामराम घातला नाही, जो तो विचारायचा, "आप्पा, झाली का आंघोळ?"

तिसऱ्या दिवशी रताळी नासली. मावशी खोटी ठरली असती, तर मी विसरलोही असतो.

पुढं वसतिगृहावर नवे साहेब आले. एकदा गाळ्यावर थांबून त्यांनी विचारलं, "स्वयंपाकाची बाई कशी आहे?" बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "चांगला माल परत करते साहेब. कुणाकडून काय घेते, देव जाणे."

आठवड्यात मावशीला काढलं.

गाडीला जाताना ती गाळ्यापुढं थांबली. मी भांडायच्या तयारीनं उठलो. माझं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"आप्पा, नव्या बाईला एक सांगा. पोरी चारला साळंतून येत्यात, जेवण आठला. मधी एकेक उकडलेलं रताळं देत जा म्हणावं. माझं तिला पटायचं न्हाई, तुमचं ऐकंल."

"हाव, सांगतो," मी म्हणालो.

उदगीरची गाडी लागली होती. गठुडं काखेत मारून ती भराभर गेली.

नवी बाई दुसऱ्या दिवशी माल न्यायला आली. मी तिला भाव सांगितला. बाकी काही सांगितलं नाही.