जयवंतीचं ऊन

पश्चिम मांबळममधल्या बाळकृष्णरावांच्या घराची गच्ची कागदोपत्री रावांची होती, पण तिथल्या उन्हाची खडान्‌खडा माहिती एकट्या जयवंतीला. खाली भाड्याचे तीन पोर्शन. मधल्यात ती आणि तिची कॉलेजात जाणारी नित्या. माघापासून वैशाखापर्यंत जयवंती गच्चीवर जुनी धोतरं पसरून तांदळाच्या पिठाचे वडाम, म्हणजे तळायचे सांडगे, वाळवायची, आणि टी. नगरचा एक दुकानदार ते डोळे मिटून घ्यायचा. नवरा गेल्यापासून बारा वर्षं घर चाललं ते या चार महिन्यांच्या उन्हावर.

त्या गच्चीवर सोलर बसवायचं रावांच्या मुलाने, गिरिधरने, मनावर घेतलं. गिरिधर शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. मनाने वाईट नव्हे, पण त्याला गच्ची म्हणजे नुसती रिकामी जागा वाटायची. चैत्रातल्या एका दुपारी तो रावांना आणि इंजिनिअरला घेऊन वर आला. इंजिनिअरने टेप लावली आणि नेमका नैर्ऋत्येचा कोपरा पसंत केला. तिथेच वडाम वाळत होते.

"अक्का, हे इथून काढावं लागेल," गिरिधर म्हणाला.

कोपरा गेला की जयवंतीचे चार महिने गेले. वर आणखी एक गोष्ट तिला डाचत होती. सोलर आलं की रावांचं बिल शून्यावर येणार. पण जिन्याखालच्या मीटरवर भाडेकरूंसाठी खडूने लिहिलेले युनिटमागे नऊ रुपये तसेच राहणार. सरकारकडून फुकट मिळणारे युनिटसुद्धा रावांच्याच पदरात पडायचे. ज्याला गच्ची आहे त्याला वीज फुकट आणि ज्याला नाही त्याला नऊ रुपयांनी, हा कुठला न्याय? शेजारच्या पोर्शनमधल्या इस्त्रीवाल्या रंजनीला भावाने विजेची इस्त्री घेऊन दिली होती. नऊ रुपयांच्या धाकाने ती दोन वर्षं खोक्यातच पडून होती, आणि रंजनी कोळशाच्या धुरात खोकत होती.

दुसरी कुणी रडली असती नाहीतर भांडली असती. जयवंती खाली गेली आणि कोलमच्या, म्हणजे दारातल्या रांगोळीच्या, पिठाचा डबा घेऊन आली.

"मामा, इकडे पाहा," ती रावांना म्हणाली. फरशीवर शेवाळाचा जुना, पुसट काळा डाग होता. त्याच्या कडेने तिने पिठाची सरळ रेघ ओढली. "पाऊस सरला तरी इथें वाळत नाहीं. कां म्हणजे मागच्या पांच मजली फ्लॅटची सावली मार्गळींत, ऐन हिवाळ्यांत, दोन वाजतां या रेघेस येते. तुमचं सोलर सावलींत बसून काय करणार?"

"आता तर सगळीकडे ऊन आहे," इंजिनिअर म्हणाला.

"आतां सूर्य डोक्यावर. मार्गळींत तो दक्षिणेस जातो. जिन्याच्या खोलीकडे बसवा, तिथें बारा महिने ऊन. या कोपऱ्यांत हिवाळ्यांत सावली असली तर मज चालतें, माझे वडाम उन्हाळ्याचे."

राव हिशेबी माणूस. त्यांना पटलं. "मग झालं तर. तुझी जागा तुला राहिली."

इथे कुणीही गप्प बसलं असतं. जयवंती म्हणाली, "आणि मीटरवरचे नऊ, मामा?"

गिरिधर चिडला. पैसा आमचा, कर्ज आमचं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. रावांनी मध्यम मार्ग काढला, म्हणजे त्यांना तो मध्यम वाटला. "मार्गळीत दोनला सावली तुझ्या रेघेला लागली तर तिन्ही पोर्शनना चार रुपये. नाही लागली तर नऊच, आणि हा कोपराही सोलरला."

हातात आलेली जागा पणाला लावायची होती. जयवंतीने पिठाच्या डब्याचं झाकण लावलं आणि ती "बरं" म्हणाली. त्या संध्याकाळी नित्या तिच्यावर चिडून रंजनीकडे जाऊन जेवली.

पॅनेल जिन्याकडे बसले. पावसाळ्यात रेघ वाहून गेली, डाग मात्र राहिला. मार्गळीच्या पहिल्या रविवारी जयवंतीने त्याच कडेने पुन्हा रेघ ओढली आणि सगळे गच्चीवर जमले. पावणेदोनला सावली रेघेपासून हातभर लांब होती. रंजनी पदराशी चाळा करत उभी होती. गिरिधर घड्याळ बघत होता. जयवंती बघत नव्हती.

दोनला सावली रेघेला लागली. थोड्याच वेळात ती रेघ ओलांडून रावांच्या पायांवर आली. राव आपल्या पायांकडे बघत राहिले, मग पलीकडे उन्हात तापणाऱ्या पॅनेलांकडे. ते खाली उतरले, मागोमाग सगळे उतरले. रावांनी धोतराच्या सोग्याने मीटरवरचा नऊ पुसला आणि चार लिहिला.

"जयवंती," ते वळून म्हणाले, "तुझ्याकडे एक पंखा आणि दोन दिवे. तुझे पैसे वाचून वाचून किती वाचणार? त्याकरता कोपरा पणाला लावलास?"

"मज काय, मामा," ती म्हणाली, "मज ऊन आहे."

शेजारच्या दारात रंजनी दातांनी इस्त्रीच्या खोक्याची सुतळी तोडत होती.