आधी कंबर, मग हात

"आधी कंबर, मंग हात," एवढं एकच वाक्य देवसिंग राठोडला येत होतं, आणि ते ऐकून ऐकून त्याच्या पोरीचं, जयाचं, डोकं फिरायची वेळ आली होती.

देवसिंगची उमर नागपूरच्या एका गोल्फ मैदानावर साहेबलोकांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहण्यात गेली. गुडघे गेले तेव्हा तो बोरी अरबजवळच्या आपल्या तांड्यात परतला, तो साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या आणि पोतंभर चेंडू घेऊनच. सोयाबीन निघालेल्या वावरात त्याने जयाला उभं केलं. तेव्हा ती आठवीत होती. आता ती बारावीत होती, आणि येत्या रविवारी नागपूरला मुलींच्या संघाची निवड होती. तिथे नाव लागलं तर पुढचं कॉलेज, वसतिगृह, सगळं खेळावर. नाही लागलं तर पुसदकडचं एक स्थळ चपला घालून तयारच बसलेलं.

काठी मागे उचलायला जयाला काहीच अडचण नव्हती. घोळ व्हायचा तो खाली आणताना. डाव्या टाचेवर भार द्यायचा, चेंडू जिकडे धाडायचा तिकडे कंबर वळू द्यायची, आणि हात तोवर वरच थांबवायचे. मग कंबरच हातांना ओढून आणते आणि काठी सगळ्यांच्या शेवटी सणकन पोचते. जयाचे हात मात्र आधीच धावत सुटायचे आणि कंबर खुंटासारखी गाडलेली. चेंडू उजवीकडे वळून थेट बाभळीत. मग देवसिंग ओरडायचा, "कंबर काहून जाम झाली वं तुही?"

काहून जाम झाली! हे याने विचारावं? जयाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण ती कंबर कुणी जाम केली हे तिला पक्कं ठाऊक होतं. शाळेत जायला लागली तेव्हापासून ती हातपंपावरून पाणी आणत होती. वाट सेवालाल महाराजांच्या देवळापुढून, आणि तिथल्या ओट्यावर सदानकदा पुरुषमंडळी बसलेली. डोक्यावर पाण्याने भरलेला गुंड, म्हणजे हंडा, असला की चालताना कंबर हलतेच, कुणाचीही हलते. पण तिच्या याडीला, म्हणजे आईला, नंदाबाईला, ते खपायचं नाही. ती मागून चालायची आणि पोरीची कंबर जरा लचकली की पाठीत चिमटा. निळे डाग पडायचे. शेवटी जया दोन्ही हातांनी गुंड धरून, कंबर आवळून, लाकडासारखी चालायला शिकली. बाप सुट्टीवर घरी आला की त्याच ओट्यावर बसायचा आणि आपली पोरगी किती वळणाची आहे ते लोकांना सांगायचा. ज्यांनी तिची कंबर बांधून टाकली, तेच आता ती सुटत नाही म्हणून बोंबलत होते. राग येणार नाही तर काय?

बुधवारी तिने हातांचा विचारच सोडून दिला. टाच दाबली, कंबर जाऊ दिली, आणि हात कधी खाली आले ते तिला कळलंही नाही. चेंडू सरळ गेला, उंच गेला, नाल्यापलीकडे जाऊन पडला. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. नागपूरला आपलं नाव लागणार असं जयाला पहिल्यांदा वाटलं.

शनिवारी सकाळी उकंडा नायक वावरात आला. तांड्यात अजून त्याचा शब्द चालतो. पोरगी नागपूरला जाते तर काय खेळते ते पाहून घेऊ, असं त्याचं म्हणणं. त्याच्यामागे ओट्यावरची सगळी मंडळी. पुरुष खाली टेकले, बायका बांधाला उभ्या राहिल्या, त्यांत नंदाबाईही होती.

जयाने चेंडू ठेवला. देवसिंग तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "आज कंबर नोको हलवू. नुसत्या हातानं मार. लोकं पाहून राह्यले."

जयाने आवाज चढवला, सगळ्या वावराला ऐकू जाईल एवढा.

"इतके वर्सं कंबर कंबर करून माह्या मांगं लागला, अन् आज हे आले तं कंबर नोको? तीजेले आमी पोरी रातभर नाचतो, तवा तुमीच सारे पाह्यले येता. तवा कंबर दिसत नाही का?"

नायक शांतपणे म्हणाला की तीज देवाची असते, हे वेगळं. देवसिंगने मान खाली घातली. बायकोपोरींवर गरजणारा हा माणूस नायकापुढे पार ढेपाळला, आणि त्याची ती खाली घातलेली मान पाहून जयाला नायकापेक्षा त्याचाच जास्त संताप आला.

तिने काठी उचलली आणि मारली. आधी कंबर, मग हात, जसं मारायचं तसंच. आवाज स्वच्छ आला. पण चेंडू कुठे गेला हे ओट्यावरच्या एकानेही पाहिलं नाही. सगळे तिच्याकडेच बघत होते.

नायक धोतर झटकत उठला. "देवसिंग, पोरीले नागपूरले नेऊ नोको," म्हणाला. देवसिंगने होकाराची मान हलवली.

"मी नेतो तिले," नंदाबाई बांधावरून म्हणाली.

तू कायले, असं देवसिंगने विचारलं. तुला त्यातलं काय कळतं?

"चेंडू नाल्यापार गेला," नंदाबाई म्हणाली. "म्या पाह्यला. तुमी कोणी पाह्यला का?"

आता कुठे सगळ्यांच्या माना नाल्याकडे वळल्या. जयाला याडीचाही राग होताच. इतक्या वर्षांचे चिमटे असे एका सकाळी विसरता येत नाहीत, आणि तिला विसरायचेही नव्हते. रविवारी पहाटेच्या एसटीत ती नंदाबाईच्या शेजारी बसली, आणि नागपूर येईपर्यंत तिच्याशी एक अक्षर बोलली नाही.